ताईच्या दिव्यावरचं अधिक्रमण

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो. गाडी नेमकी घाटात बंद पडते, बाई नेमकी पिंपळाखाली उभी असते आणि मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते. पस्तीस वर्षं मी नाशकातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. 'मी डोळ्यांनी पाहिलं' हा पुरावा होत नाही, हे अकरावीच्या मुलांना सांगण्यात माझा जन्म गेला. भूत, नजर, करणी, वास्तू, पत्रिका... सगळं माझ्या लेखी एकाच रद्दीतलं.

तरीही लिहितोय. कारण हे ज्या माणसांना सांगायला हवं होतं, त्यांना मी दुसरंच सांगून बसलोय. तुम्ही परके आहात, तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही.

माझी थोरली बहीण इंदिरानगरला राहते. तिसरा मजला, दोन खोल्या, हॉल, आणि किचनला लागून एक देवघर... ते मात्र कुठल्याही खोलीपेक्षा जास्त सजवलेलं. दर नवरात्रात तिच्याकडे घट बसतात. पत्रावळीवर माती, मातीत धान्य, मधोमध कलश, रोज एक माळ आणि शेजारी काचेच्या चिमणीत नऊ दिवस अखंड तेवणारा दिवा. घट बसले की घराला कुलूप लावायचं नाही आणि दिव्यावर कोणाचं तरी लक्ष हवं, तेल घालायला आणि काजळी काढायला. दाजी गेले त्या वर्षी सातव्या माळेला हा दिवा शांत झाला होता. दाजींना त्याआधी दोन अटॅक येऊन गेले होते आणि तरीही ते रोज रात्री भजी खात, हे ताई सोयीस्करपणे विसरते. तिच्या मते दिवा गेला म्हणून ते गेले. तेव्हापासून त्या ज्योतीत तिचा जीव अडकलाय, कारण आता उरलाय तो एकुलता एक अभिजित.

अभिजित म्हणजे माझा भाचा. अंबडच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे आणि मोटरसायकलच्या हँडलला लिंबू-मिरची बांधून कामाला जातो. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात पडला होता, तिथल्या नर्सशी त्याचं जमलं आणि वैशाखात त्याने लग्न केलं. आयुष्यात केलेलं ते त्याचं एकमेव धाडस. ते करून तो जो दमला तो अजून दमलेलाच आहे.

मुलगी सुरगाण्याकडची, रोहिणी. घरी भात-नागलीची शेती, आणि हंगाम सरला की आईवडील जीपमध्ये बसून द्राक्षाच्या कामाला इकडे खाली येणार. आश्रमशाळेत शिकून पोरगी स्टाफ नर्स झाली, हे आमच्या घराण्यातल्या कुठल्याही पदवीपेक्षा मोठं आहे. ताईला मात्र ती 'डोंगरातली'. तिच्या हातचा नैवेद्य देवाला चालत नव्हता. पण दुपारी दिव्याजवळ बसायची पाळी तिला बरोबर मिळाली, कारण दुपारची झोप कोणाला मोडायची असते?

पहिल्या माळेला दुपारी दोनच्या सुमारास रोहिणीने येऊन सांगितलं, "आई, दिवा बारीक झाला." ताई उशीवरून ताडकन उठून धावली. ज्योत होती तशीच होती. नऊ दिवसांच्या दिव्याबद्दल असं तोंडातून काढायचं नसतं, यावर ताईने तिला बरंच ऐकवलं. पावणेचारला पोरगी पुन्हा म्हणाली, "आता भरला." तेव्हाही ज्योत तशीच होती. ताईने विषय तिथेच गाडला.

तिसऱ्या माळेला संध्याकाळी आरतीला सोसायटीतल्या बायका जमल्या होत्या. सव्वासात होऊन गेलेले. टाळ्या चालू असताना रोहिणी सगळ्यांसमोर म्हणाली, "पुन्हा बारीक झाला बघा." टाळ्या थांबल्या. सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. तिथून पुढे काय झालं असेल, हे बायकांच्या कुठल्याही घोळक्याला ओळखणाऱ्याला सांगावं लागत नाही. पुरुषांचे घोळके वेगळे असतात असं मी म्हणत नाही.

मी त्या आरतीला नव्हतो. मी गंगापूर रोडला माझ्या गच्चीवर होतो, टेलिस्कोपपाशी. हंस आणि गरुड या तारकासमूहांच्या मध्ये एक फिकट तारा आहे. त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे, आणि तो साठेक प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याभोवती आपल्या गुरूएवढा वायूचा एक गोळा फिरतो, पण इतक्या जवळून की आपला बुधसुद्धा सूर्यापासून त्याच्या दहा-बारा पट लांब म्हणावा. जमीन नाही, पाणी नाही. नुसती हजारेक अंशांना तापलेली वाफ आणि वारा. त्याचं वर्ष त्रेपन्न तासांचं. आमच्या नाशकात गुरू सिंह राशीत आला म्हणून बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो आणि त्याच्या तयारीत सध्या निम्मं शहर खोदून ठेवलंय. त्या ग्रहाच्या पंचांगाने चालायचं ठरलं असतं तर दर तिसऱ्या दिवशी सिंहस्थ आला असता आणि रस्ते कधी बुजलेच नसते.

हा ग्रह दिसत नाही. पण दर फेरीला तो ताऱ्यासमोरून जातो आणि पावणेदोन तास ताऱ्याचा प्रकाश शंभरात अडीच भाग कमी होतो. याला अधिक्रमण म्हणतात. कॅमेऱ्याने ताऱ्याचा प्रकाश मोजून आलेख काढला की आधी सरळ रेघ येते, मग छोटा उतार, मग बशीसारखा गोलसर तळ, मग चढ आणि पुन्हा सरळ रेघ. तिसऱ्या माळेच्या संध्याकाळी मला ही बशी अख्खी मिळाली. मी खूष होतो आणि ताईचे फोन घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घेतला.

"दिनू, तू आत्ता ये," ती म्हणाली. "पोरीमध्ये काहीतरी आहे."

मी गेलो. तोवर ताईचं त्र्यंबकच्या एका गुरुजींशी बोलणंही झालं होतं. या गुरुजींना मी ओळखतो. घोड्याला गवत लागतं तसं त्यांना घाबरलेलं गिऱ्हाईक लागतं. परक्या कुळाचं दैवत सोबत आलंय, असं त्यांनी फोनवरच निदान केलं होतं, तेही दिवा न पाहता. दसरा झाला की शांती होईपर्यंत सुनेला माहेरी पाठवा, हा उपाय.

"थोडेच दिवस आहेत मामा," अभिजित मोबाईलमध्ये बघत म्हणाला. "आईचं समाधान होतं तर..."

आमच्याच नात्यातली एक मुलगी अशीच थोडे दिवस माहेरी गेली होती. त्याला अठरा वर्षं झाली. मी हे त्याला सांगितलं तेव्हा त्याने मोबाईल खिशात ठेवला आणि जमिनीकडे बघायला लागला. कोल्हा काकडीला राजी, हा जमिनीला राजी.

रोहिणी किचनच्या दारात उभी होती. डोळे कोरडे. मी तिला विचारलं, नक्की काय दिसतं?

"जरासा कमी होतो, मामा. मग थोड्या वेळाने भरतो. मला वाटलं तेल संपलं असंल म्हणून सांगितलं. मला काय माहीत एवढं होईल."

माझा हिशोब तिथेच पक्का झाला. सून नाईट ड्यूट्यांनी पिंजलेली, सासू भेदरलेली, गुरुजी धंदेवाईक आणि भाचा बिनकण्याचा. दिव्याला काहीही झालेलं नाही. मी ताईला म्हटलं, "मी दिवा मापतो. रात्रंदिवस. तो स्थिर आहे हे कागदावर दाखवलं, तर ही कुठेही जाणार नाही. कबूल?"

ताईने दिव्याकडे पाहिलं. "दाखव," ती म्हणाली. तिलाही बिचारीला दिवा धड असलेलाच हवा होता. हे मला तेव्हा कळलं नाही, मी तिला हसण्यात गुंतलो होतो.

चौथ्या माळेला संध्याकाळी टेलिस्कोपचा कॅमेरा काढून मी देवघरासमोर तिकाटण्यावर लावला. दर दहा सेकंदांना एक फोटो. दिव्याची ज्योत थरथरते, म्हणून बऱ्याच फोटोंची सरासरी घ्यायची. चौकटीत देवघरातला लाल झिरो बल्बही येईल अशी व्यवस्था केली. म्हणजे कॅमेऱ्यातच दोष असेल तर बल्बचा आलेखही वाकडा येईल आणि लगेच कळेल. अकरावीच्या प्रॅक्टिकलला हेच शिकवायचो.

सहाव्या माळेच्या सकाळी मी फोटो लॅपटॉपवर घेतले आणि आलेख काढला. बल्बची रेघ सरळ, अगदी आखल्यासारखी. दिव्याची रेघ आदल्या रात्री साडेबारानंतर खाली उतरत गेली होती, शंभरात अडीच भाग. मग पावणेदोन तासांत वर. मधला तळ बशीसारखा, कडांना किंचित गोल.

मी तो आकार आयुष्यात शेकडो वेळा पाहिलाय. तारा मध्यभागी जास्त उजळ असतो आणि कडांना मंद, म्हणून तळाला ती गोलाई येते. दिव्याच्या ज्योतीला कसल्या आल्यात तसल्या कडा? मी गच्चीवरचा तिसऱ्या माळेचा आलेख काढून या आलेखावर ठेवला. वेगळा ओळखता येईना. मग टेबलासमोरच्या भिंतीवर बघितलं. या मोसमातल्या अधिक्रमणांच्या वेळांचं कोष्टक मी ऑगस्टपासून तिथे चिकटवलेलं होतं. पहिल्या माळेची दुपार, तिसऱ्या माळेची संध्याकाळ, आणि कॅमेऱ्याने टिपलेली ही रात्र... तिन्ही वेळा त्यात होत्या. त्या रात्री रोहिणी घरातही नव्हती, ड्यूटीवर होती.

मी आधी स्वतःलाच शिव्या घातल्या. कुठेतरी फाइल चुकली असणार, ताऱ्याचे आकडे दिव्याच्या जागी पडले असणार. म्हातारपण. सगळं पुसून मूळ फोटोंपासून पुन्हा केलं. तीच बशी.

कोष्टकाप्रमाणे पुढची वेळ आठव्या माळेची होती, सकाळी सहाच्या आधी दहा मिनिटं सुरुवात. मी कोणालाही काही न सांगता साडेपाचला ताईकडे जाऊन बसलो. नळाला पाणी आलं होतं आणि रोहिणी कळशा भरून किचनमध्ये नेत होती. दिव्याबद्दल बोलायला तिला बंदी होती. देवघरावरून जाताना ती एका क्षणी थांबली, कळशी खाली ठेवली, दिव्याकडे पाहिलं, परत उचलली आणि गेली. मी घड्याळ पाहिलं. पाच वाजून बावन्न मिनिटं. ज्योतीकडे मीही टक लावून बसलो होतो आणि मला काडीचाही फरक दिसला नव्हता. दिसणारच नाही, माणसाच्या डोळ्याची ती कुवतच नाही. मी स्वतः हे शिकवलंय.

मी तिच्या मागे किचनमध्ये गेलो. म्हटलं, "भरला की मला सांग. हळूच." सात वाजून एकोणचाळीस मिनिटांनी तिने चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि मान हलवली. कॅमेऱ्यात नंतर पाहिलं, एकोणचाळीसच.

तो चहा गार झाला.

"तू खरं बोलत होतीस," मी म्हटलं. "मी आत्ता ताईला सांगतो."

तिने आधी दार लोटलं. मग म्हणाली, "नका सांगू, मामा."

"अगं, तुला घालवायला निघालेत हे."

"खरं बोलले म्हणून तर हे झालं ना?" तिचा आवाज अगदी हॉस्पिटलातला होता, इंजेक्शनच्या आधी पेशंटशी बोलतात तसा. "आमच्या गावात एका मावशीला असंच दिसायचं. पाऊस कधी, कोणाचं मरण कधी. आधी लोकांनी तिला शिव्या दिल्या. मग खरं निघाय लागलं तर नारळ घेऊन याय लागले. घरच्यांनी तिला परत शेतात जाऊ दिलं नाय, बाजारात नाय, कुठंच नाय. पाटावर बसवली ती मरेपर्यंत बसवली. आई मला खोटी समजल्या तर माहेरी पाठवतील, खरी समजल्या तर पाटावर बसवतील. मला दोन्ही नको. मला सोमवारी ड्यूटी हाय."

इतकं सरळ बोलणं मी आमच्या स्टाफरूममध्ये पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

"मग मी काय सांगू?"

"दिवा बरोबर हाय म्हणा. माझे डोळे खराब हायत म्हणा. डोळे खराब असले तर कोणी काय करत नाय."

आठव्या माळेची आरती झाल्यावर ताई, अभिजित आणि मी हॉलमध्ये बसलो. मी लॅपटॉप उघडला आणि त्यांना चार दिवसांची एक सरळ रेघ दाखवली. रेघ खरी होती, एकही आकडा मी बदलला नव्हता. फक्त ती दिव्याची नव्हती. झिरो बल्बची होती.

"हा तुझा दिवा," मी ताईला सांगितलं. "इथून तिथपर्यंत. कुठेही हललेला नाही. सुनेला रात्रपाळ्यांनी नंबर लागलाय, चष्मा करून द्या. तुझ्या गुरुजींना म्हणावं, शांती स्वतःची करा."

ताईने स्क्रीनवरच्या रेघेवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पदर डोळ्यांना लावला. "म्हणजे अभिला काही नाही ना?" एवढंच तिने विचारलं.

चाळीस वर्षं मी या बाईला खरं सांगत आलो. ग्रहण म्हणजे सावली, साडेसाती म्हणजे थाप, दाजी भज्यांनी गेले. त्यातल्या एका वाक्यावर तिचा विश्वास बसला नाही. पहिल्या खोट्यावर बसला. आणि हे खोटं मी नेमकं गुरुजींच्याच पद्धतीने बोललो होतो, समोरच्याला न कळणारं काहीतरी दाखवून, आवाज चढवून. ते निदान शिधा तरी घेतात. मी फुकट केलं आणि वर उपकार केल्याचा आव आणला. त्यांच्याबद्दल मला जेवढा तिटकारा आहे त्यातला निम्मा आता घरीच वापरावा लागतो.

रोहिणी माहेरी गेली नाही, सोमवारी ड्यूटीवर गेली. साध्या काचेचा चष्मा मीच कॉलेज रोडच्या एका दुकानातून करून आणला. दुकानदार म्हणाला, नंबर नाही तर चष्मा कशाला? मी म्हटलं, फॅशन. तिची नजर शाबूत आहे, माझ्या नजरेपेक्षा तर कितीतरी. पण ती घरात तो चष्मा लावून वावरते आणि दिव्याबद्दल बोलत नाही. सासूसुनेचं आता बरं चाललंय. नैवेद्याचा शिराही परवा तिच्या हातचा झाला म्हणे.

मी माझ्या घरी कोष्टकाच्या वेळेला मेणबत्ती, निरांजन, समई सगळं लावून मापलं. सरळ रेघ. तिच्या लग्नाआधीही ताईचा दिवा असाच कमी व्हायचा का, हे कळायला मार्ग नाही, कारण आधीच्या नवरात्रांत मापायला कोण बसलं होतं? साठेक वर्षांपूर्वी, ताई पाळण्यात असेल तेव्हा, तिथून निघालेली ती सावली. ती इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पितळी दिव्याशी काय बोलते, मला माहीत नाही. मला खुलासा सुचलेला नाही. तुम्हाला सुचेल, याची मला खात्रीच आहे, तुम्हाला सगळंच सुचतं. कृपा करून मला कळवू नका.

भाऊबीजेला मी ताईकडे गेलो. दुपारीच येतो म्हणून मीच सांगितलं होतं. वेळ कोष्टकात बघून ठरवली नव्हती, असं म्हणायला मला आवडलं असतं. ताईने पाट मांडला, टोपी घालायला लावली आणि ताटात देवघरातलं निरांजन ठेवून ओवाळायला घेतलं. रोहिणी फराळाचं ताट धरून शेजारी उभी होती, चष्मा लावून.

साडेतीन झाले असतील. रोहिणीने फराळाचं ताट टीपॉयवर ठेवलं, चष्मा काढला आणि ओढणीने पुसायला लागली. पुसता पुसता तिने निरांजनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय गं, काय झालं?" ताईचा हात थांबला.

"काय नाय आई, काच पुसत होते," ती म्हणाली आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

ताई पुन्हा ओवाळायला लागली. ज्योत माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर फिरत होती आणि मी डोळे फाडून तिच्याकडे बघत होतो. मला ती नेहमीसारखीच दिसली.